प्राग : तीन दिवस, बिअर आणि भटकंती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चाकणच्या नोकरीमुळे म्लादा बोलेस्लाव या गावी माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. श्कोडाचं मूळ गाव ते. तिथून बसने तासाभरात प्राग, त्यामुळे शनिवार-रविवार ठरलेला. एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा सासूबाईंनाही घेऊन गेले. तेव्हापासून ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावसभावाचा महिन्यातून एकदा मेसेज येतो आणि प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

तीन दिवस पुरतात का?

पुरतात. चौथा दिवस असेल तर पिल्सनर बिअरच्या गावी, प्ल्झेन्यला जा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. तीन दिवसांत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी तिन्ही गावांची रेल्वे स्टेशनं नीट पाहिली.

कधी जावं?

मे किंवा सप्टेंबर. डिसेंबरात नाताळचे बाजार छान असतात, पण चार वाजताच अंधार पडतो आणि हाडं गोठतात. जुलै-ऑगस्टमध्ये चार्ल्स पुलावर गणेशोत्सवातला लक्ष्मी रोड होतो.

व्हिसा कुठला? विमानतळावरून गावात कसं यायचं?

व्हिसा शेंगेन. प्रवास विम्याचं कवच किमान ३०,००० युरोंचं लागतं. विमानतळाला माजी राष्ट्राध्यक्ष वाक्लाव्ह हावेल यांचं नाव आहे, पण तिथे मेट्रो नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस पकडून नाद्राझी व्हेलेस्लावीनला उतरा, तिथून मेट्रोची हिरवी ए लाइन घ्या. छापील तिकीट पिवळ्या मशिनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचं, हे विसरू नका. खिशात कोरं तिकीट असेल तर तपासनीस दंड करतो आणि आपण कितीही भोळा चेहरा केला तरी सोडत नाही.

चांगला पब ओळखायचा कसा? गूगलवर सगळ्यांनाच साडेचार तारे दिसतात.

आपली सवय अशी की मेन्यूकार्ड जितकं जाड तितकं हॉटेल मोठं. प्रागमध्ये नेमकं उलटं धरा. जिथे नळावर एक-दोनच बिअर आहेत, तिथे आधी शिरा. एकच बिअर दिवसभर वाहत राहिली की पिंप लवकर संपतं, नळ्या रोज वापरात राहतात आणि ग्लासात येणारी बिअर ताजी असते. वीस नळांच्या दुकानात एकोणिसाव्या नळावरची बिअर कधीपासून थांबली आहे, हे कोण सांगणार?

दुसरी खूण म्हणजे दारावर किंवा पाटीवर 'तांकोव्हना' हा शब्द. तिथे पाश्चराइझ न केलेली बिअर कारखान्यातून टँकरने येते आणि थेट पबमधल्या मोठ्या टाक्यांत भरली जाते. द्लोउहा रस्त्यावरचं 'लोकाल' हे त्यातलं ठळक उदाहरण. नावाप्रमाणेच लांबलचक दालन आहे, द्लोउहा म्हणजे लांब. पर्यटक भरपूर असतात, पण बिअरमध्ये तडजोड नाही.

तिसरी खूण माझी स्वतःची. दुपारी चार वाजता आत साठीच्या पुढचे दोन-तीन काका एकेकटे पेपर वाचत बसले असतील, तर बिनधास्त बसा. दाराबाहेर कुणी हसतमुख माणूस फोटोंचा मेन्यू घेऊन बोलावत असेल, तर पुढे चला.

अर्धा ग्लास फेसच देतात. पर्यटक म्हणून फसवतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्याकडे फेस म्हणजे चोरी. 'फेस कमी कर रे' हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो.

तिथे फेस हा बिअरचाच भाग आहे. एकदा लोकालमध्ये नळासमोरचीच जागा मिळाली, म्हणून अर्धा तास नुसती बघत बसले. नळावरच्या माणसाला 'विचेपनी' म्हणतात. त्याने ग्लास आधी थंड पाण्यात बुचकळला. मग तो तिरका धरून, नळाचं तोंड ग्लासाच्या आत घालून आधी फेस सोडला. रवीने घुसळलेल्या ताकावर येतो तसा ओला, दाट, बुडबुडे न दिसणारा. मग नळ पूर्ण उघडून त्या फेसाच्या खालून बिअर भरली. फेस वर वर सरकत गेला आणि झाकणासारखा बसला. हवा बिअरला लागत नाही, त्यामुळे शेवटच्या घोटापर्यंत चव टिकते. एका ग्लासाला दहा सेकंदही लागले नाहीत आणि एक थेंब बाहेर सांडला नाही.

या पद्धतीला 'ह्लादिंका' म्हणतात, वर साधारण तीन बोटं फेस. 'श्नित' मागितलीत तर बिअर कमी आणि फेस जास्त. 'म्लीको' म्हणजे दूध, जवळजवळ सगळा ग्लास फेसाचाच. गोडसर लागतो आणि फेस विरायच्या आत एका दमात प्यायचा असतो. एकदा तरी मागवा. ग्लासावर मापाची रेघ असते, फेस बसल्यावर बिअर तिथपर्यंत आली पाहिजे. नाही आली तर बोला, तो तुमचा हक्क आहे. पण 'फेस काढून द्या' म्हणू नका. माझ्या नवऱ्याने म्हणून पाहिलं. विचेपनीने त्याच्याकडे पुरणपोळी केचपबरोबर मागितल्यासारखं पाहिलं.

पाटीवर १०, ११, १२ असे आकडे असतात. इतकं अल्कोहोल?

नाही, घाबरू नका. आंबवण्याआधी त्या रसात माल्टमधली साखर किती होती, त्याचे ते अंश. 'देसीत्का' म्हणजे १० अंशांची, तिच्यात अल्कोहोल सुमारे ४ टक्के. 'द्वानात्स्त्का' १२ अंशांची, सुमारे ५ टक्के. आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते, तिच्यापुढे ही पाण्यासारखी वाटेल असं समजू नका. अर्ध्या लिटरचा ग्लास आहे आणि रिकामा व्हायच्या आत दुसरा समोर येतो.

न मागता दुसरा ग्लास? म्हणजे काय?

जुन्या पबांची रीतच तशी. बसलात की वेटर समोर पुठ्ठ्याची चकती ठेवतो, ग्लास येतो आणि कागदाच्या एका पट्टीवर पेनाची एक रेघ पडते. प्रत्येक ग्लासामागे एक रेघ. ती पट्टी म्हणजे तुमचं बिल, ती हरवू नका, तिच्यावर हिशोब करू नका, मुलांच्या हातात देऊ नका. ग्लास तळाला आला की वेटर नुसती भुवई उडवतो, 'येश्त्ये येद्नो?' म्हणजे अजून एक? मान हलवली की आलाच. पुरे असेल तर चकती ग्लासावर ठेवा आणि 'झाप्लातीम, प्रोसीम' म्हणा.

टेबलं लांब आणि सामायिक असतात. रिकामी खुर्ची दिसली तर 'ये तू वोल्नो?' विचारून बसायचं. 'रेझेर्वे'ची पाटी असलेल्या टेबलाला मात्र हात लावू नका. कोपऱ्यातलं एखादं टेबल वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांचं असतं, तिथे तर अजिबात नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'ना झ्द्रावी' म्हणायचं. ग्लासाकडे बघत भिडवलं तर टेबलावरचे आजोबा पुन्हा करायला लावतात. अनुभव आहे.

वेटर हसत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुणेकरांना तर घरीच आल्यासारखं वाटेल.

सगळ्या पबांच्या नावाआधी 'ऊ' का असतो?

'ऊ' म्हणजे अमक्याकडे, अमक्यापाशी. ऊ झ्लातेहो तिग्रा म्हणजे सोनेरी वाघापाशी, ऊ चेर्नेहो वोला म्हणजे काळ्या बैलापाशी. १७७० मध्ये घरांना नंबर द्यायला सुरुवात झाली, त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून. पत्र्या मारुतीवरून वळा, असं पत्ता सांगणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको. नेरुदोव्हा रस्त्यावर ही चिन्हं अजून शाबूत आहेत. तीन व्हायोलिनींचं घर तेवढं चुकवू नका.

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करू?

वरून. किल्ला टेकडीवर आहे आणि बहुतेक लोक पुलावरून चढत जातात, धापा टाकतात. तुम्ही २२ नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्स स्टॉपवर उतरा. म्हणजे दिवसभर उतारच.

आधी स्त्राहोव्ह मठ. तिथल्या ग्रंथालयाची दालनं दारातूनच बघायची असतात, पण छतावरची चित्रं आणि जुने पृथ्वीगोल बघून मान दुखली तरी हरकत नाही. मठाच्या आवारात स्वतःची ब्रूअरी आहे, बिअरचं नाव संत नॉर्बर्ट. तांबूस रंगाची घ्या. किंमत टेकडीएवढीच उंच आहे, म्हणून एकच घ्या.

तिथून पाच मिनिटांवर लोरेता चर्च आणि चर्चसमोर तो काळा बैल. बाहेरून काही खास नाही. आत लाकडी बाकडी, कोझेल बिअर आणि गप्पांचा गुणगुणणारा आवाज. किल्ल्यापासून इतक्या जवळ असूनही ही जागा बिघडलेली नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. खिशात रोख ठेवा.

मग किल्ला. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत, इमारतींच्या आत जायला तिकीट लागतं. संत व्हिटसचं कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. सिंहगड रोडच्या उड्डाणपुलावर वैतागलेल्या माझ्या नवऱ्याला हे वाचून फार बरं वाटलं. आत गेल्यावर डाव्या हाताला आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने रंगवलेली खिडकी आहे. सकाळचं ऊन नसलं तरी ती पेटलेलीच दिसते. जुन्या राजवाड्यात ती खिडकीही बघा, जिच्यातून १६१८ मध्ये तीन माणसांना खाली फेकलं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. तिघेही वाचले.

नेरुदोव्हावरून उतरत चार्ल्स पुलावर या. ज्योतिषांनी मुहूर्त काढला होता म्हणतात, १३५७ साल, ९ तारीख, ७वा महिना, ५ वाजून ३१ मिनिटं. म्हणजे १३५७९७५३१, सुलटं वाचा की उलटं. खरं-खोटं देव जाणे, पण मुहूर्त बघणारे फक्त आपणच नाही. पूल दुसऱ्यांदा पहाटे सहाला बघा. तीस पुतळे, वल्ताव्हा नदीवर धुकं आणि लग्नाचे फोटो काढणारी दोन-तीन जोडपी, बस.

ओल्ड टाउन चौकातलं ते खगोलीय घड्याळ बघायलाच हवं का?

१४१० सालचं आहे, तेव्हा हो. पण तासाच्या ठोक्याला सांगाडा घंटा वाजवतो, वर खिडक्यांतून बारा शिष्य फिरतात, सोन्याचा कोंबडा आरवतो आणि मिनिटभरात संपतं. 'एवढंच?' हा शब्द तिथे एकाच वेळी तीस भाषांत ऐकू येतो. खरी मजा तबकडी वाचण्यात आहे. सूर्य कुठल्या राशीत, चंद्राची कला कुठली, हे सगळं त्यावर आहे. गर्दी पांगल्यावर निवांत बघा. सासूबाईंना ते चालतं पंचांग वाटलं आणि त्या वीस मिनिटं हलल्या नाहीत.

चौकातल्या हॉटेलांत मात्र बसू नका. तिथून सात-आठ मिनिटं चालायची तयारी ठेवा, बिअर निम्म्या दरात मिळते.

सोनेरी वाघात जागा मिळते का?

दुपारी तीनला उघडतं, पावणेतीनला रांगेत उभे राहा. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल बिल क्लिंटनना इथेच घेऊन आले होते. त्यांना जागा मिळाली, तुमचं सांगता येत नाही. संध्याकाळची टेबलं नेहमीच्या गिऱ्हाइकांची असतात. नाही मिळाली तर वाक्लाव्ह चौकाजवळचं ऊ पिंकासू गाठा. प्रागमध्ये पिल्सनर पहिल्यांदा विकली गेली ती इथे, १८४३ मध्ये.

जोसेफोव्ह, म्हणजे ज्यू वस्ती, बघावी का?

बघावी, पण सकाळी आणि त्या दिवशीच्या पहिल्या ग्लासाच्या आधी. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ८०,००० चेक ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. आडनाव लाल, बाकी काळं. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. बाहेर पडल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोलले नाही. शनिवारी बंद असतं.

मोकळ्या हवेत बसायची जागा?

लेत्ना. बागेतल्या झाडांखाली बाकडी, प्लॅस्टिकच्या ग्लासात बिअर आणि समोर नदीवरचे पूल एकामागे एक. जवळच एक प्रचंड मेट्रोनोम हलत असतो. त्या चौथऱ्यावर १९५५ मध्ये स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभा केला होता आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून उडवला. आता तिथे पोरं स्केटबोर्ड खेळतात. सूर्यास्ताआधी तासभर पोचा.

बाटली घेऊन रस्त्यात पीत फिरू नका, मध्य प्रागच्या बऱ्याच भागात बंदी आहे.

आम्ही शाकाहारी. चखण्याला काय?

आधी वाईट बातमी. चखणा फुकट येत नाही. टेबलावर आधीच ठेवलेले प्रेत्झेल खाल्लेत की मोजून बिलात येतात.

आता चांगली. 'नाक्लादानी हेर्मेलीन' मागवा. मऊ चीज कांदा, मिरची आणि तेलात मुरवलेलं असतं. लोणच्यावर वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासात कळतं. 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज, बरोबर बटाटे. ब्रांबोराक म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, लसूण घातलेलं तळलेलं धिरडं. सासूबाई त्याला बटाट्याचं थालीपीठ म्हणाल्या आणि लोणी मागितलं. त्यात अंडं असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मेन्यूत 'बेझमासा' शब्द शोधा, म्हणजे मांसाशिवाय. लसणाचं सूप चेस्नेच्का निरागस दिसतं, पण बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, विचारा. बीफ टाळणाऱ्यांनी 'होव्येझी' हा शब्द पाठ करावा. गुलाश आणि स्विच्कोव्हा ही दोन्ही लाडकी चेक जेवणं बहुधा त्याचीच असतात. 'वेप्र्शोवे' डुक्कर, 'कुर्झेत्सी' कोंबडी. मांसाहारींनी कोबीबरोबरचं भाजलेलं डुक्कर आणि वाफवलेले क्नेद्लीकी खावेत. ते क्नेद्लीकी म्हणजे रस्सा पुसायला केलेला पाव, नुसते खाऊन नावं ठेवू नका.

भाताची फारच आठवण आली तर शाकाहारी धाबे आहेत गावात, वजनावर ताट देतात.

बरोबर न पिणारे आहेत. त्यांनी काय करायचं?

कोफोला मागवायची. १९६० पासूनचं चेकोस्लोव्हाकियाचं कोला, नळावरूनच येतं, चव थोडी काढ्यासारखी. सासूबाईंनी दोन प्यायल्या. अल्कोहोल नसलेली बिअरही नळावर मिळते आणि चांगली असते. पबमध्ये मुलं, आज्या, कुत्री सगळी असतात. परमिट रूमचं चित्र डोक्यातून काढून टाका. २०१७ पासून आत सिगारेटलाही बंदी आहे.

बाईने एकटीने पबमध्ये बसलं तर चालतं?

चालतं. मी कितीतरी वेळा पुस्तक घेऊन बसले आहे. कुणी वळूनही पाहत नाही. पहिल्यांदा मीच सारखी इकडेतिकडे बघत होते, सवय आपली. रात्री उशिरा चौकाच्या आसपास बॅचलर पार्ट्यांचे तांडे फिरतात, तो भाग टाळा. २०२४ पासून रात्री दहानंतरच्या आयोजित पब-फेऱ्यांवर बंदी आल्याने तेही कमी झालं आहे.

पैसे युरोत न्यायचे?

चलन कोरुना आहे. एक कोरुना साधारण चार रुपये. साध्या पबात अर्धा लिटर बिअर ६० ते ८० कोरुनांत येते. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं.

पहिल्या फेरीत मी 'कमिशन शून्य' लिहिलेल्या एका काउंटरवर १०० युरो मोडले आणि पाचवा हिस्सा तिथेच गेला. कमिशन खरोखर शून्य होतं, भावच भलता होता. २०१९ पासून कायदा असा की १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. मला हे चौथ्या तासाला कळलं. एटीएम बँकेचंच वापरा. 'रुपयांत वजा करू का' असं मशिनने विचारलं तर नाही म्हणा.

एका फार प्रसिद्ध ठिकाणी वेटरने न मागता छोट्या ग्लासांत कडू-गोड दारू 'स्वागत' म्हणून ठेवली. स्वागताचे पैसे बिलात होते. मागितलं नसेल तर ग्लासाला हात लावायच्या आत 'ने, द्येकुयी' म्हणा. टीप दहा टक्के किंवा वरचा पूर्ण आकडा.

आम्हाला क्राफ्ट बिअर, आयपीए वगैरे लागतं.

मिळते. नुस्ले भागातलं 'झ्ली चासी' नळांच्या संख्येसाठी प्रसिद्ध आहे. पण आयपीए बाणेरलाही मिळते.

प्ल्झेन्यला जाण्यात अर्थ आहे का?

बिअर आवडत असेल तर हे चुकवू नका. ट्रेनने दीड तास. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून निषेध केला आणि मग स्वतःचा कारखाना काढला. बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिली सोनेरी बिअर लावली. फिकट माल्ट, तिथलं मृदू पाणी, झातेत्सचे हॉप्स आणि थंडीत सावकाश आंबवणं, एवढ्यावर ती झाली. आज आपल्या फ्रिजमधली बाटली पिवळी का, याचं उत्तर त्या दिवसात आहे.

कारखान्याच्या फेरीत शेवटी तळघरात नेतात आणि ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात. गढूळ, थोडी कडवट, पावाचा वास येणारी. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर न्या, खाली फ्रिजसारखा गारठा असतो. मी कुडत्यावर गेले होते. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, पण तोही गारच.

रात्री परत यायचं कसं?

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. मग ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्राम, सगळ्या लाझार्स्का स्टॉपवर भेटतात. गाडी भाड्याने घेतली असेल तर लक्षात ठेवा, चालकाला मर्यादा शून्य आहे. एक घोटसुद्धा नाही.

त्र्देल्निक (भाजलेल्या पिठाची गोड नळी) खावा का? जुना चेक पदार्थ म्हणतात.

गोड आवडत असेल तर खा. जुना चेक पदार्थ म्हणून खाऊ नका. पर्यटकांच्या गर्दीबरोबरच तो चौकाचौकात उगवला.

घरी काय आणू?

पबमधल्या पुठ्ठ्याच्या चकत्या, विचारून घेतल्या तर देतात. काचेचे ग्लास कपड्यांत गुंडाळून. आणि वाक्लाव्ह चौकात १९२९ पासून उभं असलेलं बाटाचं दुकान बघा. बाटा चेकमधल्या झ्लीन गावची, १८९४ सालची कंपनी. सासूबाईंना हे तीनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, बाटा आपलंच, शाळेचे बूट कुठून घ्यायचो मग? तिथून त्यांनी चपला घेतल्या, आणि पुण्यात यापेक्षा स्वस्त मिळतात हे विक्रेतीला मराठीत सांगूनच बाहेर पडल्या.